'ट्रॅक ०३' कोणत्या रागात आहे?

किशोरी आमोणकरांचा भूप आपल्या संगणकावर आहे, हे पक्कं माहीत असतं. 'सहेला रे' लिहून शोधलं तर काही हाती लागत नाही. 'भूप' लिहिलं तरी नाही. 'किशोरी' लिहिल्यावर ढीगभर फाइली समोर येतात, आणि त्यांतल्या कितीतरींची नावं 'ट्रॅक ०३', 'साइड बी', 'न्यू रेकॉर्डिंग' अशी. मग एकेक उघडून ऐकत बसायचं, नाहीतर तोच भूप पुन्हा इंटरनेटवर हुडकायचा. ज्यांनी वर्षानुवर्षं कॅसेटी, सीडी आणि मित्रांच्या पेनड्राइव्हवरून आलेल्या मैफली साठवल्या, त्यांतल्या बहुतेकांचा संग्रह आज या अवस्थेत आहे. ऐवज लाखमोलाचा, पण हवी ती चीज हवी तेव्हा सापडत नाही.

यात आपला आळस आहेच, पण सगळा दोष आपला नाही. एमपी३ फाइलीत माहिती, म्हणजेच टॅग, लिहिण्याची 'आयडी३' ही पद्धत १९९६ साली आली. फाइलीच्या शेपटाला १२८ बाइटची जागा, त्यात शीर्षकाला ३० अक्षरं, कलाकाराला ३०, आल्बमला ३०, वर्षाला ४. संगीतप्रकार ८० प्रकारांच्या ठरीव यादीतून निवडायचा, आणि त्या यादीत ख्याल नाही, ठुमरी नाही. तीन-चार मिनिटांच्या पाश्चात्त्य गाण्यासाठी शिवलेला हा अंगरखा चाळीस मिनिटांच्या ख्यालाला कसा बसणार? पुढच्या आवृत्त्यांत अक्षरांची मर्यादा गेली, देवनागरीही चालू लागली. कप्पे मात्र मुळात तेच राहिले: गाण्याचं नाव, गायक, आल्बम. रागाचा कप्पा कोणी दिला नाही. तो आपला आपणच करायचा आहे.

राग लिहायचा राहून जाणं ही चूक किती वरपर्यंत होते याचा एक दाखला देतो. १९७७ साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवर जी सोनेरी तबकडी आहे, तिच्यात केसरबाई केरकरांचं 'जात कहाँ हो' आहे. नासाच्या यादीतली त्याची नोंद अशी: भारत, राग, मग बंदिशीचे शब्द, सुरश्री केसरबाईंचं नाव आणि ३ मिनिटं ३० सेकंद ही लांबी. 'राग' म्हटलं आहे. कोणता, ते नाही. ती भैरवी आहे हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं.

रसिक रेकॉर्डिंग शोधतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं? आधी राग: आज मारवा ऐकायचाय. किंवा गायक: मन्सूरबुवा लावू या. कधी बंदिशीचे दोन शब्द जिभेवर असतात आणि बाकी काही आठवत नाही. आणि कधी एखादी विशिष्ट मैफल हवी असते, अमुक साली अमुक गावी झालेली. राग, कलाकार, बंदिश आणि मैफल, या चारांपैकी कोणत्याही वाटेनं फाइलीपर्यंत पोहोचता आलं पाहिजे. टॅगांची सगळी खटपट एवढ्यासाठीच आहे.

आत लिहा, बाहेर थोडकं ठेवा

फाइलीचं नाव आणि टॅग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव बाहेरून दिसतं; ते कोणीही सहज बदलतं, कॉपी करताना कापलं जातं. टॅग फाइलीच्या पोटात असतो आणि फाइल कुठंही गेली तरी तिच्यासोबत जातो. म्हणून खरी माहिती टॅगमध्ये. टॅग लिहिल्यानं आवाजाचा दर्जा उतरतो अशी भीती अनेकांना वाटते, ती मनातून काढून टाका. टॅगची जागा वेगळी असते, आवाजाच्या डेटाला त्याचा धक्का लागत नाही. आवाज खराब होतो तो एमपी३ फाइल उघडून, कापून, पुन्हा एमपी३ म्हणून सेव्ह केली की. कापायचीच असेल तर 'एमपी३डायरेक्टकट'सारखं साधन वापरा, ते फाइल पुन्हा कॉम्प्रेस न करता तुकडे करतं.

कॅसेटवरून नवं काही उतरवून घेणार असाल तर ते फ्लॅक स्वरूपात ठेवा. वेव्ह फाइलींत टॅग लिहिण्याची पद्धत एकसारखी नाही. एका सॉफ्टवेअरनं लिहिलेलं दुसऱ्याला दिसत नाही. फ्लॅकमध्ये आवाज जसाच्या तसा राहतो, जागा कमी लागते आणि हवे तेवढे कप्पे हव्या त्या नावानं करता येतात.

फाइलीच्या बाहेरच्या नावात राग, कलाकार आणि साल एवढं पुरे. ते रोमन लिपीत ठेवलेलं बरं, कारण गाडीतल्या जुन्या प्लेअरवर देवनागरीच्या जागी चौकोन उमटतात. तिरकी रेघ, अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह ही चिन्हं विंडोज नावात घेत नाही. टॅग मात्र बेलाशक मराठीत लिहा.

राग कुठं लिहायचा

यावर संग्राहकांत मतभेद आहेत. कोणी राग आल्बमच्या कप्प्यात घालतात, कोणी जॉनरमध्ये, तर कोणी कंपोझरमध्ये, कारण फोनवरचं प्लेअर कंपोझरनिहाय यादी दाखवतं आणि ख्यालाच्या बाबतीत तो कप्पा तसाही रिकामाच असतो. हा शेवटचा मार्ग मोहात पाडणारा आहे, पण नाट्यसंगीत आलं की तो अडतो. 'मानापमान'च्या पदांना गोविंदराव टेंब्यांचं संगीत आहे; तिथं कंपोझरमध्ये टेंबेच हवेत. पुष्कळ बंदिशींनाही रचनाकार आहेत. सदारंग, 'प्रेमपिया' म्हणजे फैयाज खाँ, 'गुणीदास' म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित. त्यांची जागा रागाला का द्यावी?

माझं मत असं, की राग दोन ठिकाणी लिहावा. एक, टायटलच्या अगदी सुरुवातीला, म्हणजे कोणत्याही फोनवर, कोणत्याही प्लेअरवर तो सर्वांत आधी दिसेल. दोन, 'राग' नावाचा स्वतंत्र कप्पा तयार करून त्यात. 'एमपी३टॅग' आणि 'किड३' या दोन्ही साधनांत असा कप्पा करता येतो, आणि 'म्यूझिकबी' किंवा 'फूबार२०००' यांसारखी संगणकावरची प्लेअर त्यावरून याद्या लावून देतात. स्वतंत्र कप्पा कशाला, असं वाटेल. तर 'भैरव' हा शब्द शोधून पाहा. भैरवासोबत सगळ्या भैरव्या येतील, अहिरभैरव, नटभैरव, बैरागीभैरव येतील, आणि शिवाय भैरव नावाच्या आल्बममधलं इतर सगळं येईल. स्वतंत्र कप्प्यात मात्र फक्त 'भैरव' एवढंच मागता येतं आणि तेवढंच मिळतं.

जॉनरमध्ये गायनप्रकार लिहा: ख्याल, ध्रुपद, ठुमरी, दादरा, टप्पा, तराणा, नाट्यगीत, अभंग. सीडीवरून आपोआप आलेले 'वर्ल्ड', 'एथ्निक' असले शेरे पुसून टाका. त्यांचा आपल्याला काडीचा उपयोग नाही.

आता सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला त्या भूपाचा टॅग भरून दाखवतो.

टायटल: भूप – प्रथम सूर साधे (विलंबित तीनताल), सहेला रे (द्रुत तीनताल)
आर्टिस्ट: किशोरी आमोणकर
राग: भूप
जॉनर: ख्याल

बस्स. कोणत्याही शब्दानं शोधा, सापडेल. दोन्ही बंदिशी एकाच टायटलमध्ये आहेत हे मुद्दाम. काही सीडींवर विलंबित आणि द्रुत यांचे दोन वेगळे ट्रॅक केलेले असतात. घरी कॅसेटवरून उतरवताना तसं करू नये असं मला ठामपणे वाटतं. विलंबितातून द्रुताकडे जाण्यात जे घडतं तो ख्यालाचाच भाग आहे, आणि प्लेअर 'शफल'वर असलं की आधी द्रुत आणि तासाभरानं त्याचा विलंबित असा प्रकार होतो. तुकडे करायचेच तर राग बदलतो तिथं, टाळ्यांच्या जागी करा.

बंदिशीचे शब्द कळत नसतील तर जेवढे कळतात तेवढेच लिहा. जुन्या पारंपरिक बंदिशी असतील तर भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग रागवार लावलेले आहेत. राग ठाऊक असेल तर मुखडा तिथं ताडून पाहता येतो. गायक शब्द आपल्या घराण्याप्रमाणे उच्चारतात, तेव्हा पुस्तकात वेगळं दिसलं म्हणून गायकाचे शब्द बदलू नका.

एकच राग, सतरा लेखनं

काम सुरू करण्याआधी एक कागद घ्या आणि आपल्या संग्रहातल्या रागांची नावं लिहून काढा. प्रत्येक नावाचं एकच रूप ठरवा आणि मग त्याच्याशी प्रामाणिक राहा. मालकंस की मालकौंस, भीमपलास की भीमपलासी, बागेश्री की बागेसरी, भूप की भूपाली? यातलं कोणतं शुद्ध हा वाद इथं गौण आहे. संगणकाला ही दोन वेगळी नावं दिसतात, एवढंच लक्षात घ्यायचं. रोमन लिपीत तर विचारूच नका. भूपमधला 'ऊ' एका 'यू'नं लिहिणारे आहेत आणि दोन 'ओं'नी लिहिणारेही. हिंदीतून उतरवून घेतलेल्या नावांत 'ड'खाली नुक्ता असतो, त्यामुळे मराठी 'तोडी' लिहून शोधलं तर ती तोडी सापडत नाही. अशी नावं एकदाच 'शोधा आणि बदला' करून मराठी वळणावर आणा.

पण एकसारखं करण्याच्या भरात वेगळे राग एकत्र होऊ देऊ नका. यमन आणि यमन कल्याण एक नव्हेत. यमन कल्याणात शुद्ध मध्यमाचा प्रयोग आहे. मालकंसात रिषभ आणि पंचम वर्ज्य, तर जयपूर घराण्यात गायल्या जाणाऱ्या संपूर्ण मालकंसात ते दोन्ही आहेत. 'संपूर्ण' हा शब्द फाइलीचं नाव लांबतं म्हणून कोणी उडवला, की त्या रेकॉर्डिंगचं वैशिष्ट्यच गेलं. देस, देसी आणि देसकार हे तीन तीन दिशांचे राग आहेत. 'मियाँ की तोडी'ला नुसतं 'तोडी' म्हणायचं ठरवलं तर हरकत नाही, मात्र गुजरी, बिलासखानी आणि भूपाल तोडी आपापल्या पूर्ण नावानंच राहू द्या. कुमार गंधर्वांनी स्वतः बांधलेले राग, लगनगंधार, सहेली तोडी, मधसुरजा, अहिमोहिनी, हे तर तयार याद्यांत अनेकदा नसतात. ते हातानंच लिहा.

संग्रहात कर्नाटक संगीतही असेल तर 'पद्धत' असा आणखी एक कप्पा करणं भाग आहे. कर्नाटक पद्धतीतला हिंदोळम म्हणजे आपला मालकंस. आपला हिंडोल निराळा. आणि तिथली तोडी कानावर पडते ती आपल्या भैरवीच्या स्वरांत.

पंडित, उस्ताद आणि गंधर्व

आदर मनात असावा, वर्णानुक्रमात नको. सगळ्या नावांपुढे 'पं.' लावलं की भीमसेन जोशी, जसराज आणि मल्लिकार्जुन मन्सूर सगळे 'प'खाली जमा होतात, आणि कुठं 'पं.' कुठं 'पंडित' असं झालं की एकाच गायकाचे दोन गायक होतात. टॅगमध्ये उपाधी न लावता नुसतं नाव लिहा. ज्यांना उपाधीशिवाय लिहिणं जिवावर येतं, त्यांनी आर्टिस्टमध्ये उपाधीसह लिहावं आणि 'आर्टिस्ट सॉर्ट' या शेजारच्या कप्प्यात उपाधीशिवाय. यादी त्या दुसऱ्या कप्प्यावरून लागते.

त्या कप्प्यात पाश्चात्त्य धर्तीवर आडनाव आधी लिहिण्याचा सल्ला मिळतो. आपल्याकडे तो चालत नाही. नारायण श्रीपाद राजहंस, रामभाऊ कुंदगोळकर आणि शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ ही तीन वेगळ्या घरांतली माणसं. पण बालगंधर्व, सवाई गंधर्व आणि कुमार गंधर्व यांचं 'आडनाव' आधी घेतलं की ती एका कुटुंबातली दिसू लागतात, छोटा गंधर्वही त्यांच्याच पंक्तीला. ज्या नावानं लोक ओळखतात ते नाव, लोक म्हणतात त्या क्रमानं लिहा.

साथीदारांना विसरू नका. 'साथ' असा कप्पा करून त्यात वाद्यासह नावं लिहा, प्रत्येकाच्या मध्ये अर्धविराम. तबल्याचा विद्यार्थी घरात असेल तर तो संग्रह याच कप्प्यातून उघडेल. जुगलबंदी असेल तर दोघांची नावं आर्टिस्टमध्ये, वेगवेगळी.

मैफल हाच आल्बम

प्रकाशित सीडी असेल तर आल्बमचं नाव तयार मिळतं. खासगी मैफलीला ते नसतं, आणि इथं बहुतेक लोक गायकाचं नाव पुन्हा लिहून मोकळे होतात. त्याऐवजी तारीख, गाव आणि प्रसंग हे आल्बमचं नाव करा. तारीख साल-महिना-दिवस अशा क्रमानं, एक आकडी महिन्याला आधी शून्य, आणि आकडे संग्रहभर एकाच लिपीत. मग एका गायकाच्या मैफली आपोआप कालक्रमानं लागतात आणि त्यांचं गाणं वर्षागणिक कसं बदललं ते ऐकता येतं. नुसतं सालच माहीत असेल तर नुसतं साल लिहा. अंदाजानं १ जानेवारी लिहू नका. काही वर्षांनी तोच अंदाज इतिहास म्हणून फिरतो.

मैफलीतला क्रम ट्रॅक नंबरमध्ये जपा, ०१, ०२ असा. आधी श्री, मग शुद्ध कल्याण, शेवटी भैरवी, ही मांडणी गायकानं विचारानं केलेली असते.

तीस मिनिटांची बाजू संपून कॅसेट उलटताना तुटलेले राग प्रत्येकाच्या संग्रहात आहेत. दोन्ही बाजूंच्या मूळ फाइली आहेत तशा राखा, 'भाग १' आणि 'भाग २' असं लिहा, आणि ऐकण्यासाठी जोडलेली प्रत वेगळी करा. गायकाची पट्टीही लिहून ठेवा. नेहमी पांढरी एकमध्ये गाणारे बुवा एखाद्या रेकॉर्डिंगमध्ये काळी एकच्याही वर ऐकू आले तर टेपचा वेग चुकल्याची ती पहिली खूण आहे.

शंका असेल तर शंका लिहा

ज्या फाइलींचा राग किंवा गायक ठाऊक नाही त्यांचं काय? इथं सर्वांत जास्त काळजी घ्यावी, कारण चुकीचा टॅग कोऱ्या टॅगापेक्षा वाईट. कोरी जागा माणसाला विचारायला लावते, चुकीचं नाव मात्र कोणी तपासत नाही; ते फाइलीबरोबर दहा घरांत जातं. राग जयत कल्याणासारखा वाटतो पण खात्री नाही, तर 'जयत कल्याण (अनिश्चित)' असंच लिहा. आणि कॉमेंटमध्ये ओळख कशावरून पटली ते टिपा: कॅसेटच्या कार्डावरून, रेडिओच्या निवेदनावरून, की केवळ आवाजावरून. आवाजावरून पटलेली ओळख गुरूसारखं गाणाऱ्या शिष्याच्या बाबतीत हमखास फसते.

म्हणूनच निवेदन कापू नका. आकाशवाणीवरून टेप केलेल्या मैफलीच्या आधी निवेदक राग, गायक आणि साथीदार सांगतो. 'मधली बडबड' म्हणून ती अर्ध्या मिनिटाची पट्टी कापणारे आपल्या हातानं पुरावा नष्ट करत असतात. १९०२ साली कोलकात्यात पहिल्या ध्वनिमुद्रणांच्या वेळी गौहरजान गाणं संपताना स्वतःचं नाव मोठ्यानं सांगत असत. आज त्या तबकड्यांवरचं लेबल झिजलं तरी आवाज आपली ओळख सांगतो.

कॅसेटची कार्डं आणि एलपीच्या मागच्या बाजू फोननं स्वच्छ उजेडात टिपून घ्या आणि ते चित्र टॅगमध्येच जोडा. कार्डावरचं लेखन चुकीचं वाटलं तरी ते कॉमेंटमध्ये जसंच्या तसं उतरवा.

हात कामाला लावताना

आधी संपूर्ण संग्रहाची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढा. एकगठ्ठा बदल करताना एक चुकीचं बटण शेकडो टॅग पुसू शकतं. 'एमपी३टॅग'मध्ये फाइलीच्या नावावरून टॅग भरण्याची सोय आहे: नावं 'राग – गायक – साल' अशा साच्यात असतील तर अख्खा फोल्डर एका फटक्यात भरतो. 'म्यूझिकब्रेन्झ पिकार्ड' आवाजाच्या ठशावरून रेकॉर्डिंग ओळखू पाहतं. प्रकाशित सीडींना त्याचा उपयोग होतो, पण घरगुती मैफलींना शून्य, आणि त्यानं सुचवलेलं नाव स्वतः ऐकल्याशिवाय स्वीकारू नये.

सगळा संग्रह एका दमात करायचा हट्ट धरू नका. जे सहज मिळतं, बाजारात आहे, ते शेवटी करा. ज्याची दुसरी प्रत कुठंच नाही अशा खासगी मैफली आणि रेडिओवरून टेप केलेल्या कॅसेटी आधी घ्या, कारण त्यांची माहिती कोणत्याही वेबसाइटवर नाही. ती वडिलांच्या, काकांच्या, मैफलीत पुढं बसून ऐकणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याच्या डोक्यात आहे. अनोळखी रागाचा आलाप संपून बंदिश सुरू होते तिथला दोन मिनिटांचा तुकडा काढून त्यांना फोनवर ऐकवा. ते राग सांगतील, तबल्याला कोण होतं ते सांगतील, त्या रात्री पाऊस होता हेही सांगतील. ऐकता ऐकताच ते कॉमेंटच्या कप्प्यात लिहा, सांगणाऱ्याच्या नावासह आणि त्या दिवसाच्या तारखेसह.